माझ्या नावाने धावलेला

जकार्ता,
१४ ऑगस्ट २०२४

आदरणीय इबू सुलस्मी यांस,

अस्सलामु अलैकुम. तब्येत कशी आहे? सालातिगात या दिवसांत गारठा असतो, असं तुमचा गिलांग सांगायचा. पहाटे बाहेर पडताना काळजी घ्या. इथे ऊन आहे, धूर आहे, बाकी नेहमीसारखंच.

त्याच्या सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी येऊ शकलो नाही, त्याबद्दल माफ करा. ऑफिसातून सुटी मिळाली नाही. आमच्यातले चौघे येऊन गेले. तुम्ही त्यांना बळेच जेवायला बसवलंत आणि निघताना तुमच्या हातच्या शेंगदाण्याच्या वड्या बांधून दिल्यात, हे कळलं. अशा वेळीसुद्धा तुम्हाला हे सुचतं, याचं सगळ्यांना नवल वाटलं.

तुम्ही मला पाहिलेलं नाही, म्हणून ओळख सांगतो. मी दनांग. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपचा कॅप्टन. कॅप्टन म्हणजे सगळ्यांत वेगवान असं समजू नका. जो सगळ्यांत जास्त मेसेज पाठवतो त्याला आमच्यात कॅप्टन म्हणतात. खरा वेगवान गिलांगच. तीन वर्षं तो आम्हाला शिकवत होता. रविवारी सकाळी मोठा रस्ता गाड्यांना बंद असतो, तेव्हा तो आम्हा साठ-सत्तर ऑफिसवाल्यांना तिथे पिटाळायचा. आमच्यात पाक हर्मावान म्हणून एक जाडे मॅनेजर आहेत. ते दर किलोमीटरला थांबून स्वतःचा फोटो काढतात. गिलांग त्यांना म्हणायचा, "पाक, तुमच्यापेक्षा तुमचा फोनच जास्त पळाला." पाक हर्मावान अजून हे सगळ्यांना सांगतात.

तो कसा गेला ते सविस्तर कळवा, असा तुमचा निरोप होता. छत्तिसाव्या किलोमीटरला तो पडला. उष्माघात. रस्त्यावरच गेला, पळता पळता. त्याला काही कळलंही नसेल. एवढं तरी मनाशी धरा.

आणखी एक गोष्ट कदाचित तुमच्या कानावर आली असेल. त्याच्या छातीवर नंबर माझा होता. मॅरेथॉनचा नंबर कापडी कागदाचा असतो. त्यावर आपलं नाव छापतात, मागे वेळ मोजणारी चिप असते आणि काही झालं तर कुणाला कळवायचं तो फोन लिहायचा असतो. गिलांगला यंदा सोडतीत जागा मिळाली नव्हती. माझा गुडघा दुखत होता, म्हणून मी पळणार नव्हतो. नंबर माझ्या टेबलावर होता आणि दोन दिवस आधी तो घरी येऊन गेला होता. आयोजकांनी विचारलं तेव्हा मी इतकंच म्हणालो, की मी दिलेला नाही. त्याच्यावर माझा राग नाही. पळण्याचं वेड असलं की माणसाच्या हातून असं होतं.

त्याचे बूट, घड्याळ आणि सरावाची वही वेगळ्या पार्सलने पाठवतोय. पोचल्याचं कळवा.

आपला,
दनांग


जकार्ता,
१८ सप्टेंबर २०२४

आदरणीय इबू,

सलाम. तुमचं पत्र मिळालं. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना नीट पार पडली, गल्लीतले सगळे आले, मशिदीतून चटया आणाव्या लागल्या, हे वाचून बरं वाटलं.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण ती सोपी आहे. शंभराव्या दिवशी वाटायच्या प्रार्थनेच्या पुस्तिकेवर छापायला तुम्हाला त्याचा चांगला फोटो हवा आहे. सोबत पाठवतोय. हसरा आहे.

फोटो कुठे मिळाला तेही सांगतो. शर्यतीत वाटेवर ठिकठिकाणी फोटोवाले बसलेले असतात. नंतर वेबसाइटवर आपला नंबर टाकला की आपले सगळे फोटो समोर येतात. मी माझा नंबर टाकतो आणि गिलांग येतो. तेवीस फोटो आहेत. बाराव्या किलोमीटरला तो फोटोवाल्याला जीभ दाखवतोय. तिसाव्याला बघतोय कॅमेऱ्याकडे, पण त्याला कॅमेरा दिसत नसावा. पस्तिसाव्याचा मी फक्त एकदा पाहिला. प्रत्येक फोटोत त्याच्या छातीवर ठळक अक्षरांत माझं नाव आहे. निकालाच्या यादीतही मीच आहे. पस्तीस किलोमीटरपर्यंत माझी वेळ आहे, पुढचे रकाने कोरे.

हल्ली ट्रॅकवर कुणी "दनांग" म्हणून हाक मारली तर मी मागे वळून पाहत नाही. मला वाटतं, ती हाक त्याला आहे. ग्रुपमधल्यांना वाटतं, मी शिष्ट झालोय.

आता पहिली गोष्ट. तुम्ही लिहिलंत, "माझ्या मुलाने शेजारच्या झाडाचा पेरूसुद्धा कधी विचारल्याशिवाय तोडला नाही. तो तुमचा नंबर उचलून नेईल, हे माझ्या मनाला पटत नाही." हे वाक्य मी आठ दिवस खिशात घेऊन फिरलो.

इबू, त्याने नंबर उचलून नेला नाही. मी दिला. नुसता दिला नाही, गळ्यात मारला. आमच्याकडे याला जोकी म्हणतात. घोड्यावर बसतो तो नव्हे. आपल्या नावाने दुसरा पळतो तो. यात नवीन काही नाही. कुणाला ऑफिसात मिरवायचं असतं, कुणाला बायकोला दाखवायचं असतं. मला परदेशातल्या एका मोठ्या शर्यतीत जागा हवी होती. त्यासाठी तीन तास दहा मिनिटांच्या आत पळून दाखवावं लागतं, आणि ते मी करणारच असं वर्षभर सगळ्यांना सांगत सुटलो होतो. मला ते या जन्मी जमलं नसतं. गिलांगला सहज जमलं असतं. तो आधी नाही म्हणाला होता. मला थोरल्या भावासारखं मास म्हणायचा. "मास, दुसऱ्याच्या नावाने पळायचं म्हणजे दुसऱ्याचे बूट घातल्यासारखं होतं," म्हणाला. पण ग्रुपचं काम त्याला मी मिळवून दिलं होतं. माझ्या शब्दाबाहेर तो जाणार नाही, हे मला ठाऊक होतं.

तुमचा मुलगा चोर नाही. आयोजकांनाही हे सांगायला हवं. सांगेन.

उरली मधली गोष्ट, हॉस्पिटलच्या कागदावरच्या वेळेची. ती डॉक्टर मागाहून घालतात. चूक झाली असेल.

काळजी घ्या.

दनांग


जकार्ता,
२७ ऑक्टोबर २०२४

इबू,

आज तब्येत विचारत नाही. विचारायचा हक्क राहिलेला नाही.

तुमचं दोन ओळींचं पत्र समोर आहे. "फोटो गळ्याखाली का कापला? आणि वेळेचं खरं सांगा." फोटो मी कापला, माझं नाव दिसू नये म्हणून. वेळेचं आता सांगतो. हे फोनवर सांगता आलं असतं, पण मी मध्येच फोन ठेवून दिला असता. लिहिलेलं तुम्हाला पुन्हा वाचता येईल आणि मला नाकारता येणार नाही.

शर्यत रविवारी होती. शुक्रवारी गिलांग म्हणाला, "मास, अंग कसकसतंय. रात्री ताप होता. यंदा राहू द्या ना." मी म्हणालो, गोळी घे, तुझ्यासाठी हे म्हणजे फिरायला गेल्यासारखं आहे. तो हसला. "फिरायला जाताना कुणी छातीवर तुमचं नाव लावतं का, कॅप्टन?" म्हणाला. आणि नंबर घेऊन गेला.

रविवारी सकाळी मी शेवटच्या रेषेजवळच्या मॉलमध्ये, तळघरातल्या पार्किंगात बसलो होतो. अंगात त्याच्यासारखाच टीशर्ट. घाम दिसावा म्हणून बाटलीभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं होतं. तो रेषा पार करून खाली येणार, नंबर आणि मेडल मला देणार, मग मी वर जाऊन फोटो काढून घेणार, असं ठरलं होतं.

तो सात-चाळीसला पडला. आठच्या सुमारास मला बोगोरहून आईचा फोन येऊ लागला. मी उचलला नाही, कारण तिलाही मी पळणार असंच सांगितलं होतं. पळणारा माणूस फोन कसा उचलेल? अकरा वेळा वाजला. मग तिचा मेसेज आला. "हॉस्पिटलातून फोन होता. तू पडलास म्हणतात. मी गाडी करून निघाले."

नंबराच्या मागे मी तिचा फोन लिहिला होता.

तुमच्या शेजारच्या दुकानाचा फोन माझ्याकडे होता, इबू. ईदला पार्सल पाठवायला गिलांगनेच दिला होता. मी तो लावला असता, तर दुकानदाराने तुम्हाला बोलावलं असतं. इकडे नर्सने त्याच्या कानाशी फोन धरला असता. पाच मिनिटांचं काम होतं. मी मनाशी म्हटलं, मॅरेथॉनमध्ये माणसं पडतात, सलाईन लावतात, दुपारी घरी जातात. हा तर डोंगरातला गडी, उठेल, काही तरी सांगून निभावून नेईल. मी बसून राहिलो. टीशर्ट अंगावरच वाळला.

आई साडेनऊला पोचली. खाटेपाशी दोन नर्स हाका मारत होत्या, "दनांग, डोळे उघडा. दनांग, ऐकू येतंय का?" ऐकू येत असेलही, पण त्याला कुणी हाक मारतच नव्हतं. आई म्हणाली, हा माझा मुलगा नाही. म्हातारीला धक्का बसलाय असं समजून नर्सने तिला नंबर दाखवला. हे नाव तुमच्या मुलाचं ना? मागे हा फोन तुमचा ना?

मग तिने मला पुन्हा फोन लावला. या वेळी मी उचलला.

"तू आहेस?" तिने विचारलं.

"आहे."

ती रडली. आनंदाने रडली, आणि तिथे मी नाही म्हणून मलाही हायसं वाटलं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण तुम्हाला सांगितलं पाहिजे.

मग तिने विचारलं, "मग हा कोण आहे?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

तीन वर्षं दर रविवारी ज्याच्या मागे धावलो, त्याच्याबद्दल मी असं म्हणालो. नुसतं नाव सांगितलं असतं तरी त्या खोलीत कुणी तरी त्याला गिलांग म्हणून हाक मारली असती.

नर्स आईला म्हणाली, तुमचा नाही तर तुम्ही घरी जा. आई म्हणाली, "कुणाचा तरी आहे ना. त्याची आई येईपर्यंत बसते." तुम्ही येणार नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. ती सव्वा तास त्याचा हात धरून बसली. त्याने एकदा डोळे उघडले आणि "माक" म्हणाला. तो तुम्हाला माक म्हणायचा, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं, पण ती म्हणाली, "हो रे बाळा, इथेच आहे मी." मग तो बराच वेळ बोलत होता. दहा-पन्नासला गेला. कागदावरची वेळ बरोबर आहे. तुम्हाला मी एक वाजता कळवलं, आणि रस्त्यावरच गेला असं सांगितलं.

परवा शुक्रवारी मी आयोजकांकडे जाऊन सगळं लिहून दिलं. प्रत सोबत आहे. निकालातून माझं नाव काढलंय, माझ्यावर कायमची बंदी घातलीय, ते योग्यच झालं. गिलांगने काही घेतलं नव्हतं, हेही त्यांनी लेखी दिलंय. ते गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवा. न कापलेला फोटोही पाठवतोय. छापायचा की जाळायचा, ते तुम्ही ठरवा.

आई माझ्याशी कामापुरतं बोलते. तो काय बोलला, असं मी तिला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "ते तुझ्यासाठी नव्हतं." तिला तुमची जावानी भाषा अर्धीमुर्धीच येते. जे कळलं नाही तेही तिने कानात जसंच्या तसं ठेवलंय. एखादा शब्द निसटू नये म्हणून रोज नमाजानंतर ती ते पुटपुटते. मी खोलीत शिरलो की थांबते.

शंभराव्या दिवशी ती तुमच्याकडे येतेय. एकटी. सेमारांगपर्यंत रेल्वे, पुढे बस. माझी आई म्हणून तिला दारातून परत पाठवू नका. ती माझ्या वतीने येत नाहीये. तुमच्या मुलाचं बोलणं तिच्यापाशी आहे, ते तुम्हाला द्यायला येतेय.

तुमच्या मुलाला "माहीत नाही" म्हणणारा,
दनांग