साखरेने केलेली जागा

२ नोव्हेंबर
नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. खोलीतला नळ गळतो, पण खिडकी ऐसपैस आहे आणि बॅटरीत घालायची पूड बनवणारा आमचा कारखाना हाकेच्या अंतरावर. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे 'मास्तर' म्हणतात, कारण काहीही विचारलं की ते शिकवायलाच बसतात. आज मी तावडीत सापडलो. धातूचा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात साखर घालायची. भांड्याच्या तळाशी थरथरणाऱ्या चकत्या असतात, त्या पाण्याचं धुकं करतात. धुकं नऊशे अंशांवर तापलेल्या नळीतून जातं आणि पलीकडच्या कापडी पिशवीत काळी पूड होऊन साठतं. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक कण म्हणजे एक टरफल, आत सुटा गोळा, मधे पोकळी. मास्तर म्हणाले, खुळखुळाच म्हणा ना! मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

५ नोव्हेंबर
पोकळी साखरेमुळे होते. साखरेचा कोळसा होतो, तो जळून जातो आणि त्याची जागा मोकळी राहते. साखर विसरली तर कण भरीव होतो. मग बॅटरीत त्याला फुगायला जागा नसते, तो फुटतो. पूड छातीत गेली तर बाहेर येत नाही, म्हणून मास्क सक्तीचा. आणि भांडं कोरडं पडू द्यायचं नाही. हे मास्तरांनी तीनदा बजावलं. मला एकदाही सांगायची गरज नव्हती.

चकत्यांची घरघर ओळखीची वाटते. चिमणीच्या उशाशी असंच यंत्र होतं.

८ नोव्हेंबर
लिहूनच टाकतो. चिमणी म्हणजे आमची मुलगी, पाच वर्षांची, दम्याची. दम लागला की म्हणायची, बाबा, छातीत जागा नाही. त्या दुपारी बायको कामावर होती, मी घरी. वाफेच्या यंत्रातलं औषध संपलं आणि माझा डोळा लागला होता. तिने हाक मारली असणार. मी ऐकली नाही. याला चार महिने झाले. बायको माहेरी गेली, मी इथे आलो.

आज पुडीच्या एका काचेच्या बरणीला आतून वाफ धरली. कोरडी पूड, घट्ट झाकण, तरी वाफ येते, विरते, पुन्हा येते. मास्तर म्हणाले, गरम असतानाच भरलीत, घाई नडली.

११ नोव्हेंबर
पूड गारच होती. मी दोन तास थांबलो होतो.

आज वाफेवर आतून बोट टेकल्याचा ठसा. इवलासा. ती खिडकीच्या काचेवर फुंकर मारून अशीच बोटं टेकवायची, आणि काच पुसायचं काम माझ्याकडे. मला दरदरून घाम फुटला. आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला.

१२ नोव्हेंबर
घोडचूक झाली. तिच्याकडे बघण्याच्या नादात नव्या घाण्यात साखर घालायला विसरलो, आणि ती पूड त्याच बरणीत ओतली. आता वाफ तोकडी, घाईघाईने येते. झटका आला की तिचा श्वास असाच चालायचा. आत जागा उरली नाही. मीच पुन्हा—

मास्तर म्हणाले, होतं असं, टाकून द्या. टाकून!

१३ नोव्हेंबर
दुप्पट साखरेची पूड करून वर घातली. उपयोग नाही.

बायकोचा फोन आला. म्हणाली, तुझ्या एकट्याची चूक नव्हती, रविवारी घरी ये, आपण दोघं तरी राहू. रडत होती. मी येतो म्हणालो. पण हिला इथे एकटीला टाकून कसा—

१४ नोव्हेंबर
वाफ आता फार वेळाने. ठसे झाकणापाशी, एकावर एक. ती वर चढतेय.

१५ नोव्हेंबर, दुपार
मास्तर जेवायला गेलेत. भांडं काठोकाठ भरलंय, तीनदा बघितलं. डोळा लागू दिला नाही. या वेळी हाक ऐकली. स्पष्ट. बाबा, छातीत जागा—

आहे ना, राणी. माझ्या छातीत पुष्कळ आहे. चार महिने नुसती रिकामी पडलीय. हा बघ, मास्क काढला. तू झाकणापासून जराशी मागे हो, मी आता उघड—