भांडणापुरतं जर्मन

४ जून
कोण मेला म्हणतो मोबाईलवर परकी भाषा शिकता येते? शेजारच्या भाविकाने तीन अ‍ॅप टाकून दिलीत. पहिलं म्हणतं — सफरचंद लाल आहे. असू दे! मुरुडच्या कोळणीला सफरचंदाचं काय कौतुक? मला सुनेशी भांडायचंय.
मासेमारीची बंदी लागली, होड्या किनाऱ्यावर चढल्या. दोन महिने हातात आहेत. तेवढ्यात भांडणापुरतं जर्मन आलंच पाहिजे.

८ जून, रविवार
जर्मनीहून निकेतचा व्हिडिओ कॉल. माझा नातू, यान, चार वर्षांचा झाला. अजून मी त्याला एकदाही मांडीवर घेतलं नाही! म्हटलं, "गणपतीला आण त्याला." निकेत बायकोशी त्यांच्या भाषेत बोलला, ती काहीतरी बोलली. मग मला म्हणतो, "आई, यूलियाला सुक्या मासळीचा वास सहन होत नाही. पोरगा आजारी पडेल म्हणते."
वास! त्याच सुकटीवर तुझा नवरा इंजिनियर झाला गं भवाने!

९ जून
झोप नाही. चूक माझीच. बाजारात मी कधी दलालाच्या हाती मासळीची पाटी दिली नाही. गिऱ्हाईक आणि मी, समोरासमोर. आणि सुनेशी पाच वर्षं मुलाच्या तोंडून बोलत आले! माझं तिखट बोलणं तो बायकोला कशाला सांगेल? गोड करूनच सांगत असणार. आता मीच सांगते तिला.

२० जून
दुसरं अ‍ॅप काढून टाकलं. एक दिवस चुकला की रडकं तोंड पाठवतं — "आम्हाला तुमची आठवण येते." पोटच्या पोराला येत नाही, याला येते!
भाविका वैतागली. "मावशी, तुला नक्की कसलं पायजे?"
"ज्यात भांडणाचा धडा हाय, ते."
हसून लोळली मेली.

२ जुलै
तिसरं त्यातल्या त्यात बरं. हिंदीतून शिकवतं, खरी माणसं बोलतात, हळू करून ऐकता येतं. पण किती ते गोड बोलणं! कृपया, आभारी आहे, आत येऊ का, आम्ही कधी येऊ. पंधरा धडे झाले, एक शिवी नाही. ही माणसं घरात भांडतच नाहीत की काय?

१३ जुलै
शेवटी वाक्य मीच जुळवलं — "माझ्या नातवाला माझ्यापासून का तोडलंस?" भाविकाने कुठून कुठून शोधून नीट करून दिलं. सुकट निवडता निवडता घोकते. सोबत निवडायला बसणाऱ्या शकूला वाटतं, मी मंत्र म्हणते. वाटू दे. निकेतने मध्ये तोंड घालायच्या आत यूलियाच्या तोंडावर फेकायचं.

२० जुलै
आज नेटच नाही. सगळं मेलं माझ्याच मुळावर उठलंय!

२७ जुलै, रविवार
कॉल लागला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात यूलियाच पुढे झाली. थेट माझ्याकडे बघून बोलली. सगळं नाही कळलं. शेवटचं कळलं, शब्दन् शब्द — "आजी, यानला घेऊन आम्ही कधी येऊ?"
निकेत हसला. म्हणाला, "आई, ती म्हणते, यंदाही जमणार नाही."