दोन बाटल्या, एक रंग

३ फेब्रुवारी, सोमवार

गाडीने आज इज्जत घालवली. तेजस्वीला शाळेत सोडायला निघालो, गास गाव सोडून जरा पुढे जातोय तोच काटा पार वर आणि बॉनेटमधून वाफ! नातीचा हात धरून रस्त्याकडेला उभा राहिलो. येणारा-जाणारा विचारतोय, "काय झालं आबा?" मुलगा मितेश ऑफिसला निघालेला, स्टेशनवरून उलटा आला. गाडी ओढून अल्पेशच्या गॅरेजमध्ये नेली.

अल्पेशने टाकीचं झाकण उघडून बोट घातलं. आत गाळ, आंबिलीसारखा. म्हणाला, "बाबा, आत गुलाबी कूलंट होतं. वरून हिरवं कोणी ओतलं? दोन्हीचं औषध वेगळं, काही काही एकत्र आलं की असं घट्ट होतं."

मीच ओतलं. गेल्या आठवड्यात कमी दिसलं, फळीवर बाटली होती, ओतली. कूलंट ते कूलंट, त्यात काय बघायचं!

 मितेशने किल्ली स्वतःच्या खिशात घातली.

४ फेब्रुवारी

जेवताना मितेश त्याच्या आईला हळूच म्हणाला, "आजीचंही असंच सुरू झालं होतं." डोळे मिटून भात कालवत होतो, पण बहिरा नाही मी.

माझी आई शेवटी शेवटी समईत तेलाऐवजी काकवी ओतायची. धोंडूबाई म्हणजे अख्ख्या गावाचे हिशेब तोंडपाठ असलेली बाई! पुढे मला तिच्या भावाच्या नावाने हाक मारायला लागली. मीही 'ओ' द्यायचो.

भीती वाटते. कुणाला सांगणार नाही.

६ फेब्रुवारी

एकोणिसाचा पाढा म्हणून पाहिला. आला. वडिलांच्या वेळी लावत होतो त्या भाताच्या जाती एकेक करून आठवल्या. मितेशच्या लग्नातल्या आचाऱ्याचं नाव काही आठवेना — घाम फुटला. संध्याकाळी केळीला पाणी सोडताना आठवलं. मोठ्याने ओरडलो, शेजारची माणसं बघायला लागली.

८ फेब्रुवारी, शनिवार

इंजिन वाचलं. जीव भांड्यात पडला. अल्पेशने रेडिएटर पुन्हा पुन्हा धुऊन काढला, थर्मोस्टॅट बदलला, नवं गुलाबी भरलं. "वेळेवर थांबलात म्हणून. अजून थोडी पळवली असती तर इंजिनचं हेडच वाकलं असतं," म्हणाला.

मग दोन बाटल्या माझ्यासमोर धरल्या. "हे गुलाबी. हे हिरवं. आता चुकायचं नाही." मी मान हलवली. खरं सांगायचं तर दोन्ही सारख्याच. कोऱ्या चहाच्या रंगाच्या. म्हणजे आता रंगही विसरायला लागलो!

इंजिन वाचलं आणि मी चाललो. घरी येऊन नुसता पडून राहिलो.

१० फेब्रुवारी, सोमवार

हिने शंकराला पांढरी शेवंती आणायला सांगितली. वाफ्यातून चांगली ओंजळभर खुडून आणली.

"पिवळी आनलीत."

"पांढरी आहे."

"पिवळी हाय. हलदीसारखी."

दोघंही हट्टाला पेटलो. मग ही पुढे आली. मला दारात उजेडाला उभं केलं आणि हनुवटी धरून डोळ्यांत बघत बसली. म्हणाली, "डोक्याचं काय घेऊन बसलाय? बाहुलीत ढग आलाय तुमच्या. मोरीत पाढे म्हनता, मला ऐकू येत नाय वाटतं?"

रडलो. या वयात, ओंजळभर शेवंती हातात घेऊन. तिने पदराने तोंड पुसलं आणि उद्याच डॉक्टरकडे जायचं म्हणून मितेशला फर्मान सोडलं.

११ फेब्रुवारी

मोतीबिंदू! दोन्ही डोळ्यांत, पिकून तपकिरी झालेला. डॉक्टर इनेझ म्हणाल्या, "काका, तुम्हाला मी कुठलीही बाटली दाखवली तरी चहाच दिसणार." मी घाबरत घाबरत डोक्याचं विचारलं, भाताच्या जातीही म्हणून दाखवल्या. हसल्या. "मी डोळ्यांची डॉक्टर. पण तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय."

मोतीबिंदू झाला म्हणून एवढा खूश झालेला माणूस त्यांनी पाहिला नसेल. बाहेर पडल्यावर हिला उसाचा रस पाजला. स्वतः दोन ग्लास प्यालो.

१९ फेब्रुवारी

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुखलं नाही. ही उगाच तिथे बसून जप करत होती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आभाळ निळं आहे. इतकं निळं असतं? ओटीची भिंत पांढरीशुभ्र — पिवळी पडलीय, रंग द्यायला हवा म्हणून दिवाळीपासून हिच्या मागे लागलो होतो. हिची साडी जांभळी. मी तपकिरी समजून 'म्हातारीसारखे रंग काय नेसतेस' म्हणत होतो. त्याचं उत्तर तिने आज चांगलंच दिलं.

मितेशने दोन्ही बाटल्या आणून दाखवल्या. एक गुलाबाचं सरबत, दुसरी पोपटी. म्हटलं, "कोण गाढव ही एकत्र करेल?" मितेश खूप हसला. पुष्कळ दिवसांनी हसला माझ्याबरोबर. म्हणाला, "दुसरा डोळा होऊ द्या, डॉक्टर हो म्हणू देत. किल्ली तुमचीच आहे, बाबा."

१२ मार्च

डावाही झाला. थेंब घालायचं काम तेजस्वीने मागून घेतलंय. अर्धे गालावर.

५ एप्रिल, शनिवार

डॉक्टर म्हणाल्या, चालवा गाडी. सोमवारपासून नातीला शाळेत मीच सोडणार! संध्याकाळी गाडी धुतली. काचा तीनदा पुसल्या.

७ एप्रिल, सोमवार

इतक्या दिवसांनी म्हणून आज मितेशलाच चालवू दिलं, मी शेजारी. शाळेअलीकडच्या नाक्यावर लालभडक दिवा. गाडी थांबली. विचारलं, "हा सिग्नल कधी बसवला?"

"दोन वर्षं झाली, बाबा."

मागून तेजस्वी म्हणाली, "आबा इथे थांबत नाहीत. कधीच नाही."

घरी आल्यावर मितेशने किल्ली पुढे केली. आज नको म्हटलं.