डाव्या चाकातलं तेल

१२ एप्रिल १९५८, शनि.
वसू जेवून झोपला, तेवढ्यात ट्रकखाली शिरलो. साठी उलटून दोन वर्षं झाली, पण अंग अजून वळतं. लेकाचा हा ट्रक लढाईतला, लिलावात घेतलेला. वसू त्यातून खारे बांगडे नेतो. पाट्यांतलं खारं पाणी खाली गळतं, लोखंड खाऊन टाकतं. आमचे बाबा होडीला मोरी माशाचं तेल चोळायचे; आठ आठ वर्षं लाकूड तसंच. म्हटलं, लाकडाला चालतं ते लोखंडाला का नाही. स्प्रिंगचे पाटे, सांधे, सगळं चोळलं. डाव्या पुढच्या चाकामागे एक भोक दिसलं. शिवणयंत्राला असतं तसंच, तेलासाठी ठेवलेलं. वाटीभर ओतलं. उजव्याला उरलं नाही.
हाताला बाबांचा वास. दोनदा धुतले, मग तसेच ठेवले.

१४, सोम.
वसू कणकवलीहून रिकामा ट्रक घेऊन आला. चेहरा उतरलेला. उतारावर ब्रेक मारला तर ट्रक उजवीकडे ओढला गेला, समोरच्या बैलगाडीवर. गाडीवानाने गाडी शेतात घातली म्हणून निभावलं.
"स्टेअरिंग गेला, बाबानू."
रविवारी देवगडच्या हापूसच्या पेट्या कोल्हापूरला न्यायच्या आहेत. फोंडा घाट. येताना उतरणीला उजवीकडे दरी. म्हटलं, नाही म्हणून सांग. म्हणाला, "आंबो थांबता?" हा जाणारच.

१५, मंगळ.
पेद्रू मेस्त आला. पूर्वी वेंगुर्ल्याला लाँचची इंजिनं बघायचा, आता रस्त्यावरचं काहीही. पुढचा भाग जॅकवर उचलला. चाक वर-खाली धरून हलवलं, खडखड. चाक ज्यावर वळतं ते किंगपिन झिजलेत. दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या टायरॉडचं एक टोक ढिलं, तेवढं बदललं. स्टेअरिंग पाव वळसा नुसतंच फिरायचं, आता चार बोटं.
संध्याकाळी वसू सपाटीवर चालवून आला. सरळ चालतो. ब्रेक मारला की उजवीकडे, पूर्वीसारखाच.
पेद्रू विडी पेटवून विचार करत बसला. म्हणाला, "स्टेअरिंगाचो दोष असतो तर ब्रेक नसताना पण ओढलो असतो. हो उजवीकडे ओढता, म्हणजे डावा चाक धरणा नाय."
वर्गात एवढं नीट कारण देणारा मुलगा क्वचित भेटला. पेद्रू शाळेत गेलेला नाही.

१६, बुध.
डाव्या चाकाच्या ब्रेकचा ड्रम काढला. आत सगळं ओलं, काळपट. ब्रेकशूवरचं लायनर, ड्रमला घासून चाक धरतं ते, तेलात भिजलेलं.
वसू : "ब्रेकाचो सिलिंडर गळता?"
पेद्रूने बोट लावलं, हुंगलं. परत हुंगलं.
"ब्रेकाच्या तेलाक मोरीचो वास येता खंय? वसू, ह्यात मासो कोणी घातल्यान?"
मी ओट्यावर होतो. आत जाऊन पडावंसं वाटलं. एक पाय आतही टाकला. मग खाली उतरून सांगितलं. भोकाचंही सांगितलं.
पेद्रू हसत सुटला. "मास्तरानू, ता भोक ब्रेक आवळूचा. देवाक तेल घालतास तसा घातलास तुमी!"
वसू हसला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. फडकं घेऊन ड्रम पुसत बसला. बराच वेळ.
जेवताना सूनबाईने विचारलं, काय झालं. वसू म्हणाला, "काय नाय. लायनर झिजला होता."


१७, गुरु.
भिजलेलं लायनर धुऊन चालत नाही, तापलं की तेल परत वर येतं. आणि बदलायचं तर दोन्ही चाकांचं एकदम. वसू नवं आणायला पहाटेच्या एस.टी.ने कोल्हापूरला गेला.
दिवसभर एका जुन्या क्रमिक पुस्तकातल्या कवितेची चाल डोक्यात. शब्द नाहीत, नुसती चाल.

१८, शुक्र.
वसू दुपारी आला. पेद्रूने तांब्याचे रिव्हेट ठोकून लायनर बसवलं. ठोके ऐकत बसलो. चार मात्रा, मग थांबा. चार, मग थांबा.

१९, शनि.
चाचणी. मोकळा सपाट रस्ता. वसूने स्टेअरिंगवर नुसती बोटं टेकवली आणि ब्रेक दाबला. ट्रक उभा राहिला, रेघ मारल्यासारखा सरळ.
मी खाली धुळीत बसलो. पेद्रू म्हणाला, "मास्तरानू, उठा, लोकां बघतत." पाच मिनिटं तरी उठलो नाही.

२०, रवि.
गेला. पेट्या भरून.

२१, सोम.
काही नाही.

२२, मंगळ.
दुपारी आला. दारात उतरला. आधी वाकून डाव्या ड्रमवर तळवा ठेवला, मग उजव्यावर.
"बाबानू, हात लावून बघा."
लावला. दोन्ही सारखेच गरम. म्हणजे दोन्ही सारखेच धरतात. घाट उतरून आलेलं लोखंड इतकं चांगलं लागेल असं वाटलं नव्हतं.
किंगपिनची खडखड आहेच. पेद्रू म्हणतो पावसाआधी बदला. वसू म्हणतो, आंबा संपू दे, मग बघू. परवा पुन्हा देवगड.
चहा झाल्यावर त्याने ग्रीसची पिचकारी माझ्या हातात दिली. किंगपिनला ग्रीस भरायची दोन तोंडं बोटाने दाखवली.
"ह्या दोनांतच. दर खेपेक. दुसरीकडे खंय नाय."
लगेच खाली शिरलो. डावीकडच्या तोंडाने ग्रीस घेतलं. उजवीकडचं ग्रीस आत जात नाही, बाहेरच येतं. पुढे काही केलं नाही, वसूला हाक मारली आहे.