रविवारी पाहिलेलं घर

अहो,

हे पत्र मी पाठवणार नाहीच. आपण घर रविवारी पाहिलं, इथेच घोडं पेंड खातं. समोर खाडी, आसपास चिटपाखरू नाही; लगेच घेऊन टाकलं. तुम्ही जहाजावर परतलात, मी राहायला आले आणि पहिल्याच सोमवारी कळलं, मागची भिंत होड्या दुरुस्तीच्या कारखान्याची आहे. दिवसभर पत्र्यावर घण पडतात, फडताळातली भांडी थरथरतात. शेजारीण म्हणते, "होईल सवय. आम्हीसुद्धा रविवारीच पाहिलं होतं."

तुम्ही मात्र दर वेळी विचारता, "शांत आहे ना गं? इंजिनाच्या आवाजाने कान किटलेत. निवृत्त झालो की तिथे नुसता पडून राहणार."

काय सांगू? म्हणूनच तुम्हाला म्हटलं, फोन रविवारीच करत जा.

त्याच शांत घरातून,
तुमची मी