पळू नका, पाय उचला

४ फेब्रुवारी, मंगळवार

वन्संचा हात मोडला. डावं मनगट. माझ्यामुळे!

दुसरं कुणी असं म्हणत नाही. शिट्टीसाहेब म्हणाले, "सरावात थोडंफार होतंच हो." (कारखान्यात सुरक्षेचं काम त्यांच्याकडे. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून हे नाव.) पण कागद मी लिहिला होता, ऑफिसात भाषांतराचं काम माझंच. आज आगीचा सराव होता. घंटा वाजली की लाउडस्पीकरवर पाच भाषांत सूचना, आणि चारही मजल्यांवरच्या चारशे माणसांनी जिन्याने खाली मैदानात यायचं. मुख्य ऑफिसच्या इंग्रजी कागदावर 'हरी', म्हणजे घाई करा, असा शब्द होता. मी लिहिलं — 'जवळच्या दाराकडे धाव घ्या.' लिहिताना केवढी खूश होते! काय ऐटदार वाक्य! बाकीच्या चार भाषांतलं माझ्याच कागदावरून झालं, म्हणजे माझी चूक पाच भाषांत गेली.

आणि लोकांनी खरंच धाव घेतली. शर्ट शिवणारी साधी माणसं, लाउडस्पीकर सांगतोय म्हटल्यावर पळणारच की. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मागून लोंढा आला आणि वन्सं पडल्या. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. वीस वर्षं शिलाईच्या लाइनवर आहेत, आणि राहतात आमच्याकडेच. प्लॅस्टर घालून घरी आल्यावर मी पाणी घेऊन गेले. तोंड भिंतीकडे.

"ठेव तिथे."

एवढंच.

५ फेब्रुवारी, बुधवार

वन्सं बोलत नाहीत. हे म्हणतात, "दोन दिवसांत होईल ठीक." स्वतःच्या बहिणीला अजून ओळखलं नाही या माणसाने!

८ फेब्रुवारी, शनिवार

नवा कागद आला. 'हरी' गेलं. आता म्हणे — 'वॉक ब्रिस्कली. डू नॉट रन, रश, डॅश ऑर बोल्ट.' अकरा मार्चला पुन्हा सराव.

शिट्टीसाहेब म्हणाले, "बाई, या वेळी नीट करा. नाहीतर सूचना बंद करून नुसता भोंगा लावतो. भोंग्याला भाषांतर लागत नाही."

भोंगा लावला तर लोक आणखी भितील. चार मजले, एकच रुंद जिना आणि सगळीकडे कापड. मागच्या वेळी मनगटावर निभावलं. खरी आग लागली तर? हा विचार डोक्यातून जातच नाही. पोळ्या लाटतानाही तो जिनाच दिसतो.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून शब्दकोश घेऊन बसले. मजा अशी की अवघड वाटलेले शब्द पटापट सुटले. बोल्ट म्हणजे घोडा उधळतो तसं. आपल्याकडे 'उधळणे' आहेच, काही शोधायला नको. डॅश म्हणजे मुसंडी. रश म्हणजे रेटारेटी. कोशात पुढे 'स्करी' सापडला, उंदीर भिंतीच्या कडेने जातो तसा. आपलं तुरुतुरु! मग मला चेवच आला. वहीत एक पान भरून काढलं — झपाझप, तरातरा, लगबग, भरभर, तडक, सुसाट, धूम.

हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "सूंबाल्या राहिला. आणि पोबारा."

"तो चोराचा."

"मग काढता पाय लिही. जिन्याला शोभेल!"

आतल्या खोलीत वन्सं खुदकन हसल्यासारखा आवाज आला. आत डोकावले तर तोंड पुन्हा भिंतीकडे.

पण ब्रिस्क काही सुटेना. भीती नाही, तरी वेग आहे. घाई आहे, पण गडबड नाही. तरातरा लिहावं तर माणूस भांडून निघाल्यासारखा वाटतो. लगबग लिहावं तर घरात पाहुणे आल्यासारखं. झपाझप उंच माणसाला ठीक, आमच्या लाइनवरच्या बुटक्या बायकांनी काय करायचं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शिट्टीसाहेबांनी स्वतःच मसुदा केला. 'सर्व कर्मचाऱ्यांनी शीघ्र गतीने मार्गस्थ व्हावे.' एका मजल्यावर लावून पाहिला. एकही माणूस उठला नाही! बटणं लावणारी एक मुलगी आहे, तिला सगळे बटणवाली म्हणतात. तिला विचारलं, का गं उठली नाहीस?

"मला वाटलं, कुणीतरी मोठं माणूस वारलं."

साहेब खाली मान घालून निघून गेले. मी हसायला नको होतं. हसले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वन्संच्या वेण्या बटणवाली येऊन घालते. मला हात लावू देत नाहीत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बसथांब्यावर उभी राहून माणसांचे पाय बघते हल्ली. एक नर्स होती, पांढरे बूट, बस चुकायला आली तरी पळाली नाही. तरी पोचली! तिच्या चालण्याला काय म्हणायचं? मागोमाग दोन चौक चालले. शेवटी तिनेच वळून विचारलं, "काही हवंय का?" काय सांगणार? म्हटलं, पत्ता चुकले.

ऑफिसला वीस मिनिटं उशीर झाला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं! सापडलं! आणि सापडलं ते माझ्याच तोंडात.

सकाळी लेकीची शाळा. नेहमीप्रमाणे एक मोजा हरवलेला, नेहमीप्रमाणे उशीर. फाटक बंद व्हायला पाच मिनिटं. मी तिचा हात धरून रस्त्याने म्हणतेय, "चल चल, पाय उचल. पळू नको, पडशील. पाय उचल." आणि ती चालत होती! रडत नव्हती, धडपडत नव्हती, माझ्या पावलाला पाऊल लावून चालत होती. मी एकदम थांबले.

ती म्हणाली, "आता तूच थांबलीस!"

हाच तो ब्रिस्क. कोशात नव्हता, रोज सकाळी पावणेआठला माझ्या तोंडात होता. माझ्या आईच्या तोंडीही होता. तिला तर मागे वळून बघायचीही गरज पडायची नाही, नुसतं म्हणायची आणि आम्ही तिघी बहिणी चालत सुटायचो.

पण बाकीच्या चार भाषांचं काय? तिथे 'पाय उचला' शब्दाला शब्द ठेवून केलं, तर लोक एक पाय हवेत धरून उभे राहायचे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

या वेळी माझ्या कागदावरून भाषांतर करायचंच नाही, असं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येक भाषेच्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा — शाळेला उशीर व्हायचा तेव्हा तुमची आई काय म्हणायची?

सोमवारपासून.

२४ फेब्रुवारी, सोमवार

इस्त्रीमामांपासून सुरुवात केली. इस्त्री विभागाचे मुख्य, केस पांढरे, आवाज बारीक. प्रश्न ऐकून डबा बाजूला ठेवला. मग त्यांच्या भाषेत दोन शब्द म्हणाले, छोटे, टाळी दिल्यासारखे. पुन्हा म्हणाले. मग चष्मा पुसत बसले.

"चाळीस वर्षांनी म्हटले हे शब्द," म्हणाले. "आमच्याकडे पळण्याला दोन वेगळे शब्द आहेत. एक भ्यालेल्याचा, एक आनंदाचा. जिन्यावर दोन्ही नकोत. हा बरोबर आहे."

मागे बसलेले त्यांच्याकडचे चौघे हसत होते. चौघांच्याही आया तेच म्हणायच्या!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कापड कापणाऱ्यांत आज भांडण. एकाची आई एक म्हणायची, दुसऱ्याची दुसरं. अर्धा तास वाद! शेवटी एकाने गावी आईलाच फोन लावला. तिने आधी झापलं, की एवढ्या दिवसांनी फोन, आणि तोही हे विचारायला? मग सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. वाद मिटला.

तीन भाषा झाल्या, आपली धरून.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज चूक केली. घडी घालणाऱ्या बायकांकडून चौथी भाषा मिळाली त्या आनंदात बटणवालीला सगळ्यांसमोर तोच प्रश्न विचारला. ती बटणं मोजायला लागली. मग म्हणाली, "मला आई नव्हती."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. पाचवी भाषा तिचीच आहे आणि त्या भाषेची ती आणि तिच्या दोघी बहिणी, एवढ्याच इथे. मी म्हटलं, राहू दे गं, तसंच चालवू.

संध्याकाळी फाटकाशी थांबली होती माझ्यासाठी. "मोठा भाऊ न्यायचा शाळेत. तो पुढे चालायचा आणि म्हणायचा — माझ्या मागे ये, मी आहे." हे तिच्या भाषेत तीनच शब्दांत होतं. "चालेल?"

चालेल का म्हणे! मी तिथेच तिला जवळ घेतलं. पहारेकरी बघत होता, बघू दे.

१ मार्च, शनिवार

चारही भाषांचं ध्वनिमुद्रण झालं, ज्याचं त्याने म्हटलं. आपल्या भाषेतलं राहिलं. शिट्टीसाहेबांनी म्हणून पाहिलं — पाय उचला कसलं, हात वर करा वाटलं! मग म्हणाले, "बाई, तुम्हीच म्हणा."

घरी स्वयंपाकघरात सराव केला. "घाबरू नका. पळू नका. पाय उचला." दहादा म्हटलं असेल. अकराव्यांदा दारातून आवाज आला.

"काय गं, जिना उतरवतेयस की माफी मागतेयस?"

वन्सं! गळ्यात हात अडकवलेला, कपाळाला आठ्या. पंचवीस दिवसांनी पहिलं वाक्य, आणि तेही टोमणा. मला रडूच आलं.

"माफीच मागतेय," मी म्हटलं. "तुमची."

"मग माझी माग ना. चारशे लोकांची कशाला?" स्टूल ओढून बसल्या. "धाव घ्या म्हणे! मी पडले तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं सांगू? की हा शब्द माझ्या भावजयीचा आहे आणि ही आता जन्मभर मनाला लावून घेणार. त्याचाच राग आला. हात काय, जुळेल."

मी सॉरी म्हणाले. पुन्हा म्हणाले. त्या म्हणाल्या, "पुरे. चहा टाक."

चहा टाकला. मग त्यांनी एकदाच म्हणून दाखवलं. आवाज चढवला नाही, दमही दिला नाही. लाइनवर नव्या मुलींचा धागा तुटला की बोलतात तसंच. मी उठले आणि दोन पावलं चाललेसुद्धा!

"वन्सं, तुम्हीच म्हणा."

"मी? लाउडस्पीकरवर? वेडी की काय!"

४ मार्च, मंगळवार

वन्संनी म्हटलं. एका दमात झालं. बाहेर येऊन साहेबांना विचारतात, "पुन्हा नको ना? मला डॉक्टरकडे जायचंय."

११ मार्च, मंगळवार

सराव. चार मिनिटं चाळीस सेकंद. कुणी पडलं नाही. कुणी ढकललं नाही.

मी मैदानात उभी राहून पाय बघत होते. आधी आपली भाषा, मग एकेक बाकीची, आणि ज्यांची भाषा येई त्यांचे पाय जरा जास्त नेमके पडायचे. इस्त्रीमामा गालातल्या गालात हसत उतरले. साहेबांनी शिट्टी वाजवलीच नाही. विसरले, की वाजवावीशी वाटली नाही, कोण जाणे. मला म्हणाले, "भोंगा रद्द."

घरी येऊन वन्संच्या वेण्या मी घातल्या. घट्ट घालते म्हणून ओरडा खाल्ला.

१८ मार्च, मंगळवार

प्लॅस्टर निघालं. मनगट बारीक झालंय, पण मूठ मिटते. लाइनवर मात्र पुढच्या महिन्यात. "तोवर तुझ्या ऑफिसात बसते, कागद लावायला," म्हणाल्या. म्हणजे आता दिवसभर टोमणे!

हे म्हणाले, "भोगा."

२७ मार्च, गुरुवार

आज सराव नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर कापडाच्या कतरणांनी पेट घेतला. जिन्यात धूर, दिवे गेले. मीच लिहिलेलं सगळं विसरले आणि वळणावर थिजून उभी राहिले. बॅटरीवरच्या लाउडस्पीकरमधून वन्संचा आवाज येत होता. आणि त्याच वेळी पाठीमागून, अगदी कानाशी, तोच आवाज. बरा झालेला डावा हात त्यांनी माझ्या पाठीवर ठेवला होता.

"पळू नको, पडशील. पाय उचल."

मी उचलला.

मैदानात हजेरी झाली. चारशे सात. सगळे.