पिवळी साडी

४ नोव्हेंबर
जबलपूर आवडलं! बदलीवर आल्यासारखं वाटतच नाही. बँक सिव्हिल लाइन्सला, खोली इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यात, कुमुदकाकूंच्या वरच्या मजल्यावर. काकूंचं माहेर वर्ध्याचं. माझं मराठी ऐकून त्यांनी चहाआधीच जेवायला बसवलं. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीखही दिली. खोकलं, हसलं की लघवी सुटते, म्हणून कित्येक वर्षं गडद साड्याच नेसते. सोबत एक पिवळी आणली आहे. घाई केली का?

१२ नोव्हेंबर
काल ऑपरेशन झालं, आज घरी. मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवली आहे. सिस्टर प्रणोतींनी बजावलं, दीदी, पॅड रक्तानं भिजला तर लगेच फोन करा. आणखीही दोन गोष्टी सांगितल्या. लाजेनं माझं लक्ष दाराकडेच होतं. काकूंना अपेंडिक्स सांगितलं. खोटं बोलायला नको होतं. पॅड बदलताना त्या येतील, म्हणून कडी लावूनच राहते.
मुद्दाम खोकून पाहिलं. कोरडी! रडूच आलं.

१३ नोव्हेंबर
पिवळी साडी नेसले. काकू खिचडी घेऊन आल्या. काहून अशी पांढरी पडून राहिली म्हणाल्या, त्यांची भाची तर अपेंडिक्स काढून तिसऱ्या दिवशी लग्नात नाचली म्हणे. हसले. हसूनही कोरडी. ओटीपोट मात्र जड आहे. पॅड स्वच्छ, म्हणजे रक्तस्राव नाही. बरोबर ना? डॉक्टरांना उगाच कशाला त्रास?

१४ नोव्हेंबर, सकाळ
ओटीपोटावर जांभळा डाग. लघवीला बसले, थेंबही नाही. इतकं कोरडं व्हायचं होतं का मला? पॅड पांढराशुभ्र.

दुपार
डाग मांडीपर्यंत. खाली काहीतरी टणक, फुगत चाललेलं. छाती धडधडते. त्या दोन गोष्टी आठवल्या — लघवी अडली तर. पोट फुगलं तर.
फोन केला. प्रणोती ओरडल्याच, पॅडचं काय घेऊन बसलात दीदी, रक्त आत साठून राहिलं असेल. गाडी पाठवली. पुन्हा उघडून रक्त थांबवावं लागेल. खालून कोणाला तरी बोलवा, दार उघडं —

कडी. पलंगापासून चार पावलं. उठले की अंधार —

काकू दार ठोठावताहेत. झोपली काय गं, म्हणताहेत. हो, या, म्हटलं मी. म्हटलं, की नुसतं इथे लिहिलं?
चप्पल वाजली. जिना उतर—
साडीवर एक डाग नाही. काकू, मी जा